मिसळलेला नमुना

बायको गेली त्याला अकरा महिने झाले होते. ती कशाने गेली हे त्याला मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला कळलं. तेव्हा तो प्रयोगशाळेतल्या मोरीपाशी उभा राहून काचपट्ट्या धूत होता. डॉक्टरीणबाई दारात आल्या, त्यांच्या हातात एक कागद होता, आणि त्या म्हणाल्या, "काका, जरा बसता का?" बसता का म्हणणारी माणसं पुढे काय सांगतात हे गेल्या दोनतीन वर्षांत त्याला पाठ झालं होतं, म्हणून तो उभाच राहिला. नळही चालूच राहिला. बाई वयाने त्याच्या मुलीहून चारपाच वर्षांनी मोठ्या. कालव्याच्या पाण्यातल्या किड्यांवर त्यांचं काम चाललेलं, आणि त्यासाठी त्यांनी इस्पितळातून मेणात जपून ठेवलेले वीसेक जणांचे मूत्राशयाचे तुकडे विद्यापीठात पाठवले होते. त्यात त्याच्या बायकोचाही होता. परवानगीच्या कागदावर सही त्याचीच होती. त्या दिवशी त्याने नऊ कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि नववा आला तेव्हा तो वाचतबिचत नव्हता. "गाठ होती ते आपल्याला माहीतच आहे," बाई म्हणाल्या, "पण गाठीच्या आजूबाजूला अंडी सापडलीत. जुनी, चुना झालेली. खूप आहेत. आणि काका, ती आपल्या नेहमीच्या किड्याची नाहीत. गुरांच्या किड्याचीही नाहीत. दोघांची मिळून झालेली जात आहे. संकर!" शेवटचा शब्द बोलताना त्यांच्या आवाजात आनंद आला, आणि तो आल्याचं त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी कागद खाली घेतला. "सॉरी, काका. मला म्हणायचं होतं की वर्षानुवर्षं होती ती. गाठ बहुतेक त्यातूनच झाली." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "त्यांची लघवी आपल्याकडे कधी तपासली होती का? पूर्वी कधी? जुनी नोंद असली तर फार उपयोग होईल." तो म्हणाला, "नाही." आणि नळ बंद केला.

त्या एका शब्दानंतर त्याने दिवसभर सगळं काम रोजच्यासारखं केलं. आलेल्या बाटल्यांवर नंबर घातले. लघवी उंच निमुळत्या ग्लासात ओतून निवळत ठेवली, तळाचा थेंब नळीने उचलला, काचपट्टीवर सोडला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा भिंगाला लावला. हे तो सव्वीस वर्षं करत होता. सव्वीस वर्षं लोकांची लघवी बघून संसार केला असं तो स्वतःच म्हणायचा, आणि लोक हसायचे. भिंगाखाली त्याचा हात कुणी धरू शकत नसे. माणसाच्या किड्याचं अंडं पोटाला गोल, एका टोकाला बारीक काटा. गुरांच्या किड्याचं लांबट, चातीसारखं, दोन्हीकडे निमुळतं. काटा त्यालाही असतो. माणूस किंवा जनावर पाण्यात लघवी करतं, शेण टाकतं, अंडी फुटतात, त्यातला जीव गोगलगायीत शिरतो, तिच्या पोटात एकाचे हजार होतात, आणि तिथून शेपटीवाले निघून पाण्यात उभ्या असलेल्या पायाच्या कातडीतून आत जातात. त्याला शिकवलं होतं ते एवढं. आणखी एक शिकवलं होतं, की माणसाचा तो माणसाचा आणि गुरांचा तो गुरांचा. म्हणून अर्जावर तीनच चौकटी होत्या. आढळला, नाही, आणि तिसरी, नमुना मिसळलेला. म्हणजे माणसाच्या बाटलीत गुरांचं काहीतरी गेलं, हात नीट धुतले नव्हते, बाटली गोठ्यात उघडी राहिली, असं काही. मिसळलेला असला की पुढे शेरा लिहायचा, पुन्हा आणावा. हा शेरा लिहिण्याचं त्याला एक कौतुक होतं. दुसरे तंत्रज्ञ काटा दिसला की डोळे झाकून आढळला म्हणून मोकळे व्हायचे. हा अंड्याची लांबी मोजायचा.

बायको महापालिकेच्या रोपवाटिकेत कामाला होती, कालव्याला लागूनच. तिच्याकडे पाणवनस्पतींच्या टाक्या होत्या. कालव्याचं पाणी पाटाने त्या टाक्यांत यायचं. गुडघाभर पाण्यात उतरून ती शेवाळ काढायची, कुंड्या घासायची, कमळांच्या गड्ड्यांना खत घालायची. कालव्याच्या उताराला सकाळी गुरं पाण्यावर यायची, आणि दहा वाजल्यानंतर माणसं, धुणंवाले, गाडीवाले, पोहणारी मुलं. पाण्याशी एक मोठी पाटी होती. उन्हं चढल्यावर पाण्यात उतरू नका, सकाळी नऊच्या आत धोका कमी. पाटी बरोबरच होती. माणसाचा किडा गोगलगायीतून दुपारकडे बाहेर पडतो, माणसं पाण्यावर येतात त्या वेळेला. गुरांचा पहाटेपासून पडतो. तेव्हा माणसाने गुरांच्या वेळेला पाण्यात जावं, असा हिशेब. पाटीचा मजकूर त्यानेच सुवाच्य अक्षरात काढून दिला होता, आणि घरी येऊन तिला म्हणाला होता, "अगं, तू नऊच्या आत टाक्या उरकत जा, म्हणजे काही भानगड नाही." ती सांगितलेलं पाळणारी बाई. त्या दिवसापासून ती दीड तास आधी निघायला लागली. अंधुक असतानाच तिचा डबा भरून तयार असायचा. तो अर्धवट झोपेत विचारायचा, "निघालीस?" आणि ती म्हणायची, "अहो, झोपा. गुरांची ड्यूटी आहे माझी." गेल्या महिन्यात बाई गोगलगायी एकेका ग्लासात घालून दिव्याखाली ठेवत होत्या आणि दर तासाला पाणी बघत होत्या. तेव्हा त्या आपल्या शिपायाला म्हणाल्या होत्या, "इथल्या गोगलगायींचं काही खरं नाही. आठलाच सुरू होतंय यांचं. ना गुरांची वेळ ना माणसांची." हे त्याने ऐकलं होतं. तिथेच, तीन हातांवर, डबा खात बसून ऐकलं होतं. घास घशाखाली उतरला आणि वाक्य तिथेच राहिलं.

आता ते वाक्य वर आलं, आणि त्याच्याबरोबर ती न्हाणीघराच्या दारातली. सहा वर्षं झाली असतील. दार अर्धं उघडून ती म्हणाली होती, "अहो, जरा लाल दिसतंय." त्याने पेपर बाजूला न करताच सांगितलं, "उद्या बाटली दे." दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः बाटली घेऊन आली, कामावरून, फडक्यात गुंडाळून, कुणाला दिसू नये म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवून. गोळ्या किती द्यायच्या ते बघायला प्रयोगशाळेत भिंतीला उंचीची एक पट्टी लावलेली होती. दोन गोळ्या, तीन गोळ्या, चार, पाच अशा खुणा. ती त्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बघा, मी चार गोळ्यांची बाई." तो म्हणाला, "आधी बघू तर दे." मग ती गेली आणि त्याने बघितलं. पाच अंडी होती. त्याला पाचही आठवत होती, म्हणजे आता, मंगळवारी दुपारी, बाटल्यांच्या वासात बसल्यावर आठवत होती. माणसाच्या मानाने लांब. गुरांच्या मानाने पोटाला फुगलेली. एक क्षण त्याच्या मनात आलं होतं, हे काय? तो क्षण खरोखर आला होता. त्याने डोळा उचलून भिंग पुसलंही होतं. आणि मग त्याला तिची नखं आठवली, खताची पोती आठवली, शेणखतात कोपरापर्यंत गेलेले तिचे हात. शिवाय ती तर नऊच्या आत उतरत होती. तिला कसा होईल? सगळं जागच्या जागी बसलं. त्याने तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि शेरा लिहिला. पाच मिनिटांचं काम होतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर तो चप्पल काढता काढताच म्हणाला, "अगं, बाटलीत शेण घालून आणलंस काय?" मुलगी तेव्हा कॉलेजात होती, ती फिस्सकन हसली. बायकोनेही हसून उत्तर दिलं, "मग? तुमच्या प्रयोगशाळेला जरा खतपाणी." हजरजबाबी होती ती. तिघं हसले. पण हसण्याआधी एक पळभर तिने आपले हात बघितले होते, आधी तळवे आणि मग उलटे करून, आणि हात पदराखाली घेतले होते. हे त्याने बघितलं होतं की आता त्याचं मन ते तयार करत होतं, हे त्याला सांगता आलं नसतं. ती भांडं दोनदा विसळणारी बाई. घरी आल्यावर साबणाने हात धुवून वर लिंबाची फोड चोळणारी. पुन्हा आणावा, हे त्याने तिला तोंडाने सांगितलं का? सांगितलं असेल. तिने पुन्हा आणली नाही. आठवडाभराने लाल दिसायचं आपोआप थांबलं, म्हणाली, आणि तो म्हणाला, बघ, उष्णता असणार. ती थट्टा मात्र चांगलीच चालली. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा मुलीने त्याला ती सांगितली. शेजाऱ्यांना ती माहीत होती. साहेबांच्या निरोप समारंभात त्याने स्वतः ती भाषणात घातली आणि बायको पहिल्या रांगेत बसून तोंडाला रुमाल लावून हसली. दोन वर्षांपूर्वी इस्पितळात दाखल झाल्यावर नर्सने बाटली पुढे केली, तर ही तिला म्हणते, "बाई, आधी माझे हात बघून घ्या, आमच्याकडे शेणाची तक्रार आहे." नर्सला काही कळलं नाही. तो मात्र हसला होता.

तिथल्याच डॉक्टरने विचारलं होतं, रक्त किती दिवस जातंय? तिने डॉक्टरकडे न बघता याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झाले थोडे." नंतर, ती गेल्यावर, मुलगी आणि तो कपाट आवरायला बसले, तर खालच्या खणात आतले कपडे सगळे गडद रंगाचे. काळे, करवंदी, गर्द निळे. जन्मभर पांढरं आणि फिकं वापरणारी बाई. मुलगी म्हणाली, "आईला हे रंग कधीपासून आवडायला लागले?" तो म्हणाला, "असतील स्वस्त मिळाले." आता त्याला वाटलं, तीन वर्षं, कदाचित चार, ती हे सगळं धुवत होती, एकटी, नळ बारीक सोडून, आवाज न करता, कारण पुन्हा बाटली आणली असती तर पुन्हा थट्टा झाली असती. नाही, तेही नाही. थट्टेचं तिला काही नव्हतं. त्याने तिला घाणेरडी म्हटलं होतं, आणि तो या विषयातला जाणता होता, म्हणून तिने ते मानलं होतं. आणि गोळ्या तिथेच होत्या. भिंतीवरच्या पट्टीच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या कपाटात. दरवर्षी मुदत संपलेल्या गोळ्यांचे डबे तो स्वतः फोडून टाकत असे. चार गोळ्या, एकाच दिवशी, जेवणानंतर.

बुधवारी तो नेहमीच्या वेळेला गेला आणि बाई यायच्या आधी पत्र्याच्या कपाटातल्या जुन्या नोंदवह्या काढून त्याने टेबलावर ठेवल्या. काय करणार हे त्याने ठरवलं नव्हतं. पान फाडायचंही मनात येऊन गेलं. हाताला ते पान सापडलं तेव्हा त्याला आधी स्वतःचं अक्षर दिसलं, सुवाच्य, एका ओळीत, आणि त्याची त्याला किळस आली. बाई आल्या, पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, "काका, आज लवकर?" त्याने वही त्यांच्याकडे फिरवली आणि नावावर बोट ठेवलं. "ही माझी बायको. काल मी खोटं बोललो." बाईंनी वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. त्याला वाटलं आता त्या रागावतील किंवा रडतील किंवा म्हणतील की तुम्हाला तेव्हा कसं कळणार होतं, कुणालाच माहीत नव्हतं. हे शेवटचं त्यांनी म्हणू नये म्हणून तो मनातल्या मनात हात जोडून उभा होता.  त्यांनी एक पान उलटलं, मग आणखी एक, आणि मान वर न करता विचारलं, "काका, असे शेरे आणखी किती आहेत?"

रात्रभर त्याने एकाच बाटलीचा विचार केला होता. दुसरी कुणाची बाटली असेल हे त्याच्या मनालाही शिवलं नव्हतं. दोघं बसून मोजायला लागले. तो नावं वाचत गेला आणि बाई लिहीत गेल्या. नऊ वर्षांच्या वह्या होत्या, त्यांत एकसष्ट. सगळे त्याच्या हातचे. दुसऱ्या तंत्रज्ञांनी एकही नमुना मिसळलेला ठरवला नव्हता, त्यांनी सरसकट आढळला लिहिलं होतं, आणि त्यांच्या माणसांना गोळ्या मिळाल्या होत्या. ज्यांना नीट बघता येत नव्हतं त्यांची माणसं वाचली. हे बाईंच्याही लक्षात आलं असणार. त्या फक्त म्हणाल्या, "पत्ते आहेत ना?" तो म्हणाला, "मी जातो."

मग तो दारोदार जायला लागला, खांद्याला पिशवी, पिशवीत बाटल्या आणि गोळ्या. कालव्याच्या उतारावर टॅक्स्या धुणारा एकजण पाइप हातात धरूनच म्हणाला, "काय काका, पाच वर्षांनी लघवी मागायला आलात? एवढी तुंबवून ठेवली असती तर फुटलो असतो की!" आजूबाजूचे हसले. तो म्हणाला, "तेव्हा माझी चूक झाली होती." टॅक्सी धुणारा हसायचा थांबला. "म्हणजे? तेव्हा मला तुम्ही म्हणालात हात धू. मी म्हटलं, अहो, मी दिवसभर पाण्यात असतो, अजून किती धुऊ?" याने विचारलं, "लाल जाते का?" तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "अधूनमधून. बायकोला सांगितलं नाही." एका दूधवाल्या म्हातारीने त्याला ओट्यावर बसवून घेतलं, गोळ्या तळहातावर मोजून घेतल्या आणि विचारलं, "या मला की म्हशीला?" तो म्हणाला, "तुम्हाला, आजी." "बघा हं. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, हे म्हशीचं आहे म्हणून." तिचं म्हणणं अगदी सरळ होतं, त्यात टोमणा नव्हता. एका घरी दार उघडणाऱ्या भावाने सांगितलं की तो गेला, दीड वर्ष झालं, किडन्या. "तुमचं काय काम होतं त्याच्याकडे?" हा म्हणाला, "काही नाही, तपासणी होती." आणि जिना उतरताना त्याला कळलं की हे आपण पुन्हा केलं. तो परत वर गेला. बेल वाजवली. काय झालं होतं ते उभ्याउभ्या सांगितलं. भाऊ ऐकून घेत होता, दाराची कडी धरून. शेवटी म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" आणि दार लावलं, आपटलं नाही, लावलं.

मुलीचं नाव यादीत नव्हतं. तिची बाटली कधी घेतलीच नव्हती. पण शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर टाक्यांवर जायची, कमळाच्या पानावर बेडूक बसवायची, ओल्या पायांनी घरी यायची. तीही नऊच्या आतच. ती आता दुसऱ्या शहरात असते. त्याने फोन लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाला, "एकदा लघवी तपासून घे. इथेच घेऊन ये, मी बघतो." पलीकडून तिचा आवाज आला, हसू दाबलेला, अगदी आईसारखा, "बाबा, शेण घालून आणू का?" आणि स्वतःच खळखळून हसली, आणि त्या हसण्याचंच मध्ये कुठेतरी रडणं झालं. "आई काय म्हणाली असती आत्ता," ती म्हणाली. तो रिसीव्हर कानाला धरून उभा राहिला. तिच्याजवळ आईचं इस्पितळ आहे, केस गेलेली आई आहे, नळ्या आहेत, शेवटचे पाच दिवस आहेत. आणि ही थट्टा आहे. हसणारी आई तिच्याजवळ एवढीच शिल्लक आहे, आणि ती कशाची बनलेली आहे हे फक्त त्याला माहीत आहे. "ये तर खरी," तो म्हणाला.

ती शनिवारी आली. बाटली धुतलेली, उकळलेली, झाकणावर चिकटपट्टी. त्याने तळाचा थेंब उचलून काचपट्टीवर सोडला, मग बाईंना बोलावलं आणि म्हणाला, "आधी तुम्ही बघा." त्यांनी बघितलं, आणि उठून खुर्ची त्याला दिली. तीन होती. लांबट, पोटाला फुगलेली. ती उंचीला त्याच्यावर गेलेली, पट्टीवर पाचच्या खुणेला लागली. पाच गोळ्या तिने त्याच्यासमोर घेतल्या, तोंड वाकडं करत, प्रत्येक गोळीला दोन घोट पाणी. वेळेवर सापडलं, महिन्याने पुन्हा बघू, काळजीचं कारण नाही, असं बाईंनी तिला सांगितलं. बस थांब्यापर्यंत तो तिच्याबरोबर चालत गेला. बस दिसल्यावर तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि विचारलं, "बाबा, आईलाही हेच होतं का?" तो म्हणाला, "बाई अजून तपासतायत." तिने मान डोलावली. ती पायरीवर चढली आणि आतून, गर्दीतून वाकून, हात केला.

एकसष्टपैकी बावन्न जण सापडले. बायकोला धरून पाच वारलेले निघाले, बाकीच्या चार घरी तो सांगून आला. चौघं पत्ता न ठेवता गाव सोडून गेलेत, त्यांचा शोध चालू आहे. मुलीला अजून सांगितलेलं नाही.